राजकुमारांची राहून गेलेली तपासणी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नाची वरात किंवा शाळेचं स्नेहसंमेलन मी कधी टिपलं नाही. मी माणसाच्या डोळ्याच्या आतला फोटो काढतो. दूरच्या एका कारखान्यात माझी भिंगं घासली गेली आणि बारा वर्षांपूर्वी मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका लहानशा डोळ्यांच्या दवाखान्यात आलो.

माझ्यासमोर हनुवटी टेकवली की मला बाहुलीतून आतला नारिंगी पडदा दिसतो. त्यावर पानाच्या शिरांसारख्या बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. मला चालवायची दवाखान्यातली करुणा. पिशोरला, खुलताबादला शिबिर असलं की ती मला गोधडीत गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेऊन बसायची. खुलताबादच्या चतुराबाईंचा काचबिंदू माझ्या फोटोमुळे वेळेत कळला. पुढच्या खेपेला त्या पेरू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्या मशीननं माझी नजर राखली, बाई." त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ज्यांना पुन्हा तपासायचं असे, त्यांची नावं करुणा एका वहीत लिहायची आणि दर शनिवारी एकेकाला फोन करायची. कुणी टाळलं तर पुन्हा करायची.

एकदा ती डबा विसरली म्हणून तिचे वडील, राजकुमार, तो द्यायला आले. ते बजाजनगरात राहत आणि कामगारांची बस चालवत. करुणानं त्यांना माझ्यासमोर बसवलं. फोटो पाहून डॉक्टर मंजुषा थांबल्या. राजकुमारांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा अरुंद होत्या.

त्यांनी समजावून सांगितलं, की दृष्टीच्या नसेला अशाच बारीक वाहिन्यांतून रक्त मिळतं. त्या अरुंद असल्या म्हणून काचबिंदू होतोच असं नाही. पण धोका जास्त असू शकतो. आज डोळ्यांचा दाब ठीक आहे, नसही चांगली आहे. मात्र दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

राजकुमार हसले. "लांबचा बोर्ड मला बसल्या जागी वाचता येतो. मला काय झालंय?"

घरचाच माणूस, म्हणून करुणानं त्यांचं नाव वहीत लिहिलं नाही. सहा महिन्यांनी एकदा आठवण करून दिली. ते पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. तो आठवडा आलाच नाही.

मित्रांनो, काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही. तो नजर कडेकडेनं खात येतो. राजकुमार दाराच्या चौकटीला धडकू लागले, जेवताना बाजूचा तांब्या लवंडवू लागले. त्यांची बायको गीताबाई म्हणायची, लक्ष कुठं असतं तुमचं? घरचे हसायचे, तेही हसायचे. तोवर दवाखान्यात नवं यंत्र आलं होतं. मला अडगळीच्या खोलीत ठेवलं, वर एक चादर टाकली. वर्षानुवर्षं तिकडं कुणी फिरकलं नाही.

मग गेल्या वर्षी बजाजनगरच्या एका वळणावर, डावीकडून सायकलवर येणाऱ्या आशाबाईंना राजकुमारांच्या बसचा धक्का लागला. त्या वाचल्या, पण पाय मोडला. आजही त्या लंगडत चालतात. "ती मला दिसलीच नाय," असं राजकुमार सगळ्यांना सांगत राहिले. कुणाला ते खरं वाटेना. करुणाला मात्र वाटलं. तिनं त्यांना तपासायला आणलं. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली होती. मधला थोडा भाग उरला होता.

त्या दुपारी करुणा अडगळीच्या खोलीत आली. तिनं चादर काढली, मला सुरू केलं आणि वडिलांचा सात वर्षांपूर्वीचा फोटो शोधला. तो बघून ती तिथंच धुळीत बसली.

राजकुमार भिंतीला हात लावत आत आले.

"तुझी चूक नाय, बाळा. तू बोलावलं होतंस."

"एकदाच, बाबा. बाकीच्यांना मी सात वर्षं फोन केले."

ते तिच्यासमोर बसले. मान हळूहळू फिरवून त्यांनी आधी तिचा एक डोळा शोधला, मग दुसरा, मग ओठ.

"रडतीस व्हय? सगळं तोंड एकदम दिसत नाय मला. म्हणून विचारलं."

त्यांनी बस कायमची सोडली. आता डोळ्यांत रोज थेंब घालतात. त्यानं उरलेली नजर टिकेल अशी आशा आहे. गेलेली परत येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सारखं चौकटीला धडकत असेल, तर हसू नका. चाळिशी उलटलेल्या आई-बाबांना डोळ्यांचा पडदा, नस आणि दाब तपासायला घेऊन जा. ते नको म्हणतील. पुन्हा म्हणा. ते रागावतील. रागावू द्या. बाबा तेव्हा रागावून वर्षभर तिच्याशी बोलले नसते, तरी करुणाला आज चाललं असतं.