भिंतीवरची आई

आमच्या नदीकाठच्या गावातल्या हायस्कुलात आदिवासी मुलांसाठी जो कार्यक्रम चालतो, त्याची हजेरी मी लिहिते. मुलं मला नोरीन मावशी म्हणतात. निम्म्यांची मी खरीच मावशी आहे. शुक्रवारी संस्कृतीचा तास, बाकीचे दिवस शिकवणी. आणि अकरावीतून एकाच मुलीला जिल्ह्याच्या इस्पितळात नर्सिंगची शिकाऊ उमेदवारी. अट एक: हजेरी पंच्याऐंशी टक्के.

टॅनिकाची त्र्याऐंशी भरली. ऑगस्टमध्ये चार दिवस ती मयताला गेली होती, तिच्या आईची थोरली बहीण वारली तेव्हा. ते दिवस माफ झाले की जागा तिचीच होती. दुसरी कुणी शर्यतीत नव्हतीच.

माफीच्या अर्जात दोन रकाने होते, मृताचं नाव आणि नातं. नाव आम्ही उच्चारत नाही, लिहीत तर नाहीच. निदान वर्षभर तरी. तो रकाना टॅनिकाने कोरा ठेवला. नात्यापुढे काय लिहू, असं तिने मला विचारलं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की आई-बाप, सख्खी भावंडं आणि आजी-आजोबा एवढेच चालतील.

"आई लिही," मी म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. आमच्यात आईची बहीण ती आईच. वारलेलीने तर टॅनिकाला चार वर्षं सांभाळलंही होतं.

कार्यक्रमाच्या प्रमुख हॅलोरनबाई नीटनेटक्या. मुलांचे वाढदिवस त्यांना पाठ, आयांचे चेहरेही. टॅनिकाची आई पालकसभेला येऊन गेल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. बाईंनी पोरीला बोलावून विचारलं, मग मेलं कोण? नाव सांग. टॅनिका जमिनीकडे बघत राहिली. बाईंच्या लेखी तो कबुलीजबाब झाला.

मी बाईंकडे गेले. आई लिहायला मीच सांगितलं, हेही सांगितलं. बाईंच्या डोक्यामागे भिंतीवर नात्यांचा तक्ता होता, गेल्या वर्षी टॅनिकानेच रंगवलेला. शहरातून साहेब आले की बाई आधी तोच दाखवतात. त्यात दोन बायका शेजारी-शेजारी, दोघींखाली एकच शब्द: आई. मी बोट दाखवलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू.

"ती संस्कृती झाली, नोरीन," त्या म्हणाल्या. "हा अर्ज आहे."

नाव सांगितलंत तर अजून बघता येईल, असंही त्या म्हणाल्या. नाव मला ठाऊक होतं. लहानपणी एका पांघरुणात झोपलो होतो आम्ही. मी अर्ज उचलला आणि माझ्या टेबलाशी परत आले.

त्या चार दिवसांपुढे 'विनाकारण' हा शिक्का मीच मारला. ते माझंच काम.

सोमवारी टॅनिका पुस्तकं परत करायला आली. तिने शाळा सोडली होती. मोटेलात चादरी बदलायचं काम मिळालं होतं. मी म्हटलं, तक्ता तुझा आहे, घेऊन जा.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "पाहुणे आले की काय दाखवाल?"

ती गेल्यावर बाराची अकरा मुलं उरली आणि सरासरी हजेरी अर्ध्या टक्क्याने वर गेली. शुक्रवारी हॅलोरनबाईंनी केक आणला. कापायला मला सांगितलं. मी सवयीने बारा तुकडे केले.