साहेबांनी मोजलेला बाक

तिसरीच्या वर्गावरून माझी उचलबांगडी झाली. सोमवारपासून मी भांडारात खडूच्या पेट्या सांभाळायच्या, असं पत्र आलं. हे पत्र आलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ. मीही तसाच गेलो.

तर, मी तिसरीला गणित शिकवतो. त्या आठवड्यात मुलांनी ‘एक मीटर म्हणजे शंभर सेंटीमीटर’ हे दहा वेळा लिहिणं अपेक्षित होतं. मी पट्ट्या कपाटात कुलूपबंद केल्या आणि विचारलं, वर्ग किती लांब आहे? मुलांनी पावलं टाकली. एकाचा वर्ग एकतीस पावलांचा भरला, दुसऱ्याचा सदतीस. अर्धा तास एकमेकांना खोटारडे ठरवण्यात गेला. मी मध्ये पडलो नाही. शिकवण्यातलं मला हेच सगळ्यात जड जातं. आमच्या वर्गात एक वकीलबाई आहे, वय वर्षं आठ, खोडरबर उसनं देतानाही अटी घालते. तिनं निकाल दिला की खोटं कुणीच बोलत नाही, पाय वेगळे आहेत. सगळ्यांना मिळून एकच माप पाहिजे.

मग पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. पहिली खूण म्हणजे एक की काहीच नाही, यावर दोन दिवस हमरीतुमरी झाली. थोरामोठ्यांना याला काही शतकं लागली असावीत, म्हणून मी घाई केली नाही. चौथ्या दिवशी कपाट उघडलं. मुलांनी खरी पट्टी हातात घेतली ती जुनी ओळख असल्यासारखी.

पाचव्या दिवशी तपासणीचे साहेब आले. एका मीटरचे सेंटीमीटर किती, हे सगळ्या वर्गानं सांगितलं. साहेबांनी वह्या मागितल्या. दहा ओळी कुठेच नव्हत्या. मुलांना ते माहीत आहे, मी म्हटलं. माहीत असलेलं तपासता येत नाही, लिहिलेलं येतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग मोजतात कसं ते दाखवायला त्यांनी खिशातून टेप काढली. टेपचं टोक तुटलेलं, म्हणून त्यांनी एकच्या खुणेवर बोट धरून बाक मोजला आणि एकशे एकवीस सेंटीमीटर जाहीर केला.

“साहेब, तुम्ही एकपासून सुरू केलंत,” वकीलबाई म्हणाली. “एकशे वीसच आहे.”

“ही सरकारी टेप आहे.”

“टेप बरोबरच आहे. तुमचं चुकलं.”

“होतं असं, साहेब,” मागून कुणीतरी धीर दिला. “आमचं तर दोन दिवस होत होतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मोठ्यांशी असं बोलू नये’ एवढं मी म्हटलं असतं तर प्रकरण चहावर मिटलं असतं. मी विचारलं, परत एकदा मोजून बघता का? त्यांनी अहवालात एकशे एकवीस लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. मी सहीच्या जागी १२० लिहिलं.

घरी आईनं कपाळाला हात लावला. एका सेंटीमीटरसाठी नोकरी पणाला लावतोस? तुझे बाबा निदान फुटाफुटासाठी भांडायचे.

सोमवारी मी वर्गावरच गेलो. मला वर्गावरून मोकळं करायला शाळेच्या मोठ्या बाईंची सही लागते. बाईंनी चष्मा पुसला, बाक स्वतः मोजला, पेनाचं टोपण लावलं आणि सही न करताच निघून गेल्या. वर्गानं वजनं काढली होती. दप्तर जड की वकीलबाईचा धाकटा भाऊ, हा वाद पेटला होता. मधल्या सुट्टीत मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं:

‘महोदय, अहवालातील नोंद दुरुस्त झाल्याशिवाय मी वर्ग सोडणार नाही. तसेच विनंती की, मा. तपासणी अधिकारी यांची एक आठवड्यासाठी इयत्ता तिसरीत विद्यार्थी म्हणून प्रतिनियुक्ती करण्यात यावी. सोबत डबा व दोन टोकदार पेन्सिली द्याव्यात. ते चुकल्यास वर्ग हसणार नाही याची हमी मी घेतो. पहिला दिवस या हमीतून वगळण्यात यावा.’