वेल्डरची शिट्टी

मूळ खोड वेल्डरचीच. हिरव्या क्लबचा एखादा चांगला खेळाडू पैसेवाल्या निळ्या क्लबात गेला आणि पुढे निळा शर्ट घालून आपल्याच मैदानावर उतरला, की वेल्डर गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहायचा, दोन बोटं तोंडात घालून कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारायचा, आणि अख्खी गॅलरी त्या खेळाडूकडे पाठ करायची. वेल्डर स्वतःही फिरायचा. त्याच्या मागे नुसती भिंत, म्हणून तो भिंतीचे पोपडे बघत उभा राहायचा. पण काय ऐट त्याची! गोलकीपर गेला, त्याला पाठ. डावीकडून पळणारा तो लुकडा गेला, त्यालाही पाठ. लुकडा त्या दिवशी डोळे पुसत पुसत खेळला म्हणतात.

आणि यंदा निळ्यांकडे गेला कोण? वेल्डरचाच पोरगा. आता घ्या!

"तुमचाच कायदा ना? मग निस्तरा," बायको भांडी आपटत म्हणाली. "पण ऐकून ठेवा. माझ्या लेकराला पाठ दाखवलीत, तर घरी येऊन मला तोंड दाखवू नका."

 निळ्यांकडे मैदानावर गवत होतं, डॉक्टर होता. हिरव्यांकडे खेळाडूंच्या न्हाणीघरातली पाइपसुद्धा गळायचा, आणि तो दर वर्षी फुकटात जोडणारा वेल्डरच. पोरगा का गेला हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? 

त्यात पोराचा फोन आला. "बाबा, रविवारी तुमच्याकडे मॅच आहे. लोकांनी पाठ फिरवली तर फिरवू दे, मी मनाला लावून घेणार नाही. तुम्ही मात्र या."

लहानपणी हाच पोरगा बापाचा पट्टा धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. वेल्डरने "बघू" म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी पोट दुखतंय म्हणून घरी पडावं असं त्याला फार वाटलं. पण बायकोने नुसतं बघितलं, आणि गडी निघाला. गॅलरीत एरवी टिंगल केल्याशिवाय ज्यांना पाणी पचत नाही, ते शिंपी आणि कंडक्टर त्याच्या पुढच्याच पायरीवर होते. दोघंही चक्क हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. वेल्डरचं धाबं दणाणलं.

लाउडस्पीकरवर पोराचं नाव पुकारलं. निळा शर्ट मैदानात आला. गॅलरी शिट्टीची वाट बघत थांबली. वेल्डरचा हात खिशातून निघेना. मग कुणीतरी सवयीने फिरला, त्याच्या बाजूचा फिरला, आणि बघता बघता सगळी गॅलरी फिरली.

वेल्डर तेवढा फिरला नाही. इतकी वर्षं तो भिंतीकडे बघत आला होता, त्यामुळे फिरलेली गॅलरी समोरून कशी दिसते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. खालपासून वरपर्यंत सगळी तोंडं त्याच्याकडे होती. आणि त्यांच्या पाठीमागे, लांब, त्याचा पोरगा एकटा उभा होता.

"काय वेल्डर, आज भिंत नको का?" शिंपी हळूच म्हणाला.

"माझा पोरगा आहे रे तो," वेल्डर म्हणाला. आवाज फाटला.

 मग कंडक्टरने कपाळाला हात लावला. "अहो, मग आम्ही काय तुमचं थोबाड बघत बसायचं दीड तास? त्यापेक्षा पोरगं दिसायला बरं आहे!"

हशा पिकला. तो हशा पायरी पायरीने खाली उतरत गेला, आणि हसत हसत लोक परत मैदानाकडे वळले. "गेला तर गेला," शिंपी बसता बसता म्हणाला. "शिकला तर आपल्याच इथे ना?"

"पण आज गोल मारला तर?" कंडक्टरने विचारलं.

"तर पहिली शिवी माझी!" वेल्डर म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता. डोळे भरले होते, ते त्याने खुशाल भरू दिले.

मग त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन शिट्टी मारली. खाली पोराने चटकन मान वर केली.

गॅलरीत कुणीही फिरलं नाही.