टूसॉनमधली नॉर्वेजियन मुलं

दारात उभ्या असलेल्या माणसाचं डोकं चौकटीला टेकत होतं. वाळवंटातल्या टूसॉनच्या उन्हात त्यानं लोकरीचा स्वेटर घातला होता आणि घामानं तो निथळत होता.

"मी ऑडवार हेगस्टाड," तो म्हणाला. "शिक्षण खात्यानं पाठवलंय. तुमची नॉर्वेजियन मुलं कुठायत?"

मुख्याध्यापिका ऑरेलिया बस्टामांते यांच्या हातातला बरिटो अर्ध्यावर थांबला. रिंकन वॉश ही चार्टर शाळा, म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार शाळेचा. गेल्या वर्षी निकाल इतका घसरला की राज्यानं 'ड' श्रेणी दिली. करार उन्हाळ्यात संपणार होता. श्रेणी वर चढली नाही तर शाळेला कुलूप. शाळेत मेक्सिकन घरांतली मुलं होती, इथल्या मूळच्या ओओधम जमातीची होती, सोमाली होती, काळी होती, गोरी होती. नॉर्वेजियन मात्र औषधालाही नव्हतं.

"काहीतरी चुकतंय तुमचं," त्या म्हणाल्या.

"साठेक आहेत," ऑडवारनं खात्याचा कागद पुढे केला. "इंग्रजी येत नाही बिचाऱ्यांना. मी मूळचा नॉर्वेचा. मिनेसोटाच्या थंडीत चाळीस वर्षं शिकवलं, दुखऱ्या गुडघ्यांसाठी इकडे उन्हात आलो. म्हटलं, आपलीच पोरं आहेत, जाऊ या."

ऑरेलियांनी ऑफिसातल्या ट्विलाला हाक मारली. ट्विला तिथं बावीस वर्षं होती आणि कशालाच घाबरत नव्हती.

"ट्विला, घरी दुसरी कोणती भाषा बोलतात, त्या रकान्यात तू काय भरलंस?"

"ज्यांच्या घरी दुसरी भाषाच नाही, त्यांच्यापुढे 'नो' लिहिलं. दुसरं काय लिहिणार?"

ऑडवार खो खो हसत सुटला. संगणकाच्या लेखी 'नो' ही दोन अक्षरं म्हणजे नॉर्वेजियन भाषेची खूण होती. ज्या मुलांना इंग्रजीखेरीज एक शब्द येत नव्हता, नेमकी तीच नॉर्वेजियन ठरली होती.

"अगं बाई!" ट्विला म्हणाली. "म्हणजे तो तिसरीतला ट्रेव्हॉनसुद्धा?"

ऑरेलियांनी तिथल्या तिथं खात्याला फोन लावला. बराच वेळ फोनमध्ये सनई वाजल्यासारखं काहीतरी वाजलं. मग एका कंटाळलेल्या बाईनं सांगितलं, की दुरुस्त्या आता जूनमध्येच होतील.

"पण बाई, मुलं नॉर्वेजियन नाहीतच हो!"

"मग जूनपासून नसतील," म्हणत तिनं फोन ठेवला.

ऑडवारचा पगार तर सुरू झाला होता. त्यानं पिशवीतून तपकिरी चीजचा ठोकळा काढून टेबलावर ठेवला होता. त्याला परत पाठवायचं ऑरेलियांच्या जिवावर आलं. "आलाच आहात तर शिकवा काहीतरी," त्या म्हणाल्या.

त्याला येत होतं तेच त्यानं शिकवलं. पहिल्या आठवड्यात पोरं 'गू मॉर्न' म्हणत वर्गात शिरू लागली. नॉर्वेजियनमध्ये आभाराला 'ताक' म्हणतात, त्यामुळे शाळेत दिवसभर ताकच ताक. यादीत नसलेली फादुमो नावाची सोमाली मुलगी खिडकीला नाक लावून बसायची. "मला का नाही नॉर्वेजियन?" म्हणून ती रडली, तेव्हा तिलाही आत घेतलं. तिच्या मागोमाग बाकीची आली. ट्रेव्हॉनची आई शाळेत येऊन म्हणाली, "मॅडम, पोरगा घरी 'यै एर सुल्तेन' म्हणत फिरतोय. मी त्याला दवाखान्यात नेऊन आणला. त्याला नुसती भूक लागली होती!"

वसंतात राज्याची इंग्रजीची परीक्षा झाली. परक्या भाषेच्या घरांतली मुलं म्हणून त्या साठेक जणांना ती द्यावीच लागली. सगळी पास. नापास कशी होणार? जन्मापासून इंग्रजीच बोलत होती. पण खात्याला केवळ आकडे दिसले. नॉर्वेजियन मुलांमध्ये शंभर टक्के प्रगती, राज्यात पहिला नंबर. श्रेणी 'ड' वरून थेट 'ब'. आणि मिस्टर कॉलवे नावाचे अधिकारी बक्षिसाची ढाल घेऊन येणार असल्याचा निरोप आला.

"घे ती ढाल आणि गप्प बस," ट्विला म्हणाली.

"मुलांना मी रोज सांगते खोटं बोलू नका म्हणून. ते काय तोंडानं सांगू मग?"

सभागृह भरलं. ऑरेलिया माइकपाशी गेल्या. "साहेब, या शाळेत एकही नॉर्वेजियन मूल नाही," त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

त्याच क्षणी, आधी ठरल्याप्रमाणे, पोरं उभी राहिली आणि एका सुरात नॉर्वेजियनमधून स्वागत करू लागली. चांगली पाच मिनिटं. मागच्या रांगेत ऑडवार स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत होता.

कॉलवे गोंधळले. "बाई, विनय चांगला, पण इतका?"

"विनय नाही हो, खरंच!"

कॉलवेंनी पुढच्या रांगेतल्या ट्रेव्हॉनला विचारलं, "बाळ, खरं सांग. तू नॉर्वेजियन आहेस?"

"माझी आजी अलाबामाची आहे, सर. नॉर्वे त्याच्या पलीकडे आहे का?"

कॉलवे खुर्चीत बसले. मग ढाल मांडीवर ठेवून इतके हसले, की चष्मा पडला. ढाल ते परत घेऊन गेले, श्रेणीही उतरवली. पण खरे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा वाचनात पोरं खरोखरच पुढे गेलेली निघाली. ऑडवारचा तास चुकायला नको म्हणून वर्षभर कुणी दांडीच मारली नव्हती. 'क' श्रेणी मिळाली आणि करार वाढला. ऑरेलिया खडू-वह्या ठेवायच्या खोलीत जाऊन पोटभर रडल्या.

नॉर्वेजियन मुलं संपली तसा ऑडवारचा पगारही थांबला. सोमवारी तो तरीही हजर.

"पगार कुठनं देऊ मी तुम्हाला?" ऑरेलियांनी विचारलं.

"जेवण द्या. आणि या पोरांना सांगा, मला स्पॅनिश शिकवा म्हणून."

दुपारी खानावळीत पोरांनी त्याला पहिला शब्द शिकवला, 'मास', म्हणजे अजून. त्यानं तो मोठ्यानं म्हटला. वाढणाऱ्या बाईनं ताटात आणखी हिरव्या मिरचीचा रस्सा ओतला. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. 'पुरे'ला काय म्हणतात, ते कुणी सांगेना. फादुमो आणि ट्रेव्हॉन दोन्ही बाजूंनी ताटांनी वारा घालत होते, आणि तो बिचारा घशाला हात लावून, जो एकच शब्द येत होता तोच पुन्हा पुन्हा ओरडत होता.