उन्हाची सवय

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्यातली दूध पावडर संपली तेव्हा आपली रवानगी आता भंगारात, असं मी धरून चाललो होतो. पण या घरातल्या आजोबांनी खिळ्याने माझ्या बुडाला भोकं पाडली, पोटात माती भरली आणि मी कुंडी झालो. भोकं पाडताना दुखलं, खोटं कशाला सांगू!

टोमॅटो लावायच्या त्या आजी. त्या गेल्या आणि मागे त्यांच्या हातच्या बियांची एक पुडी राहिली. आजोबांनी यंदा सगळंच बी पेरलं. रोपं जरा मोठी झाल्यावर एकेक करून माझ्यात आणि माझ्यासारख्या इतर डब्यांत हलवली. खोडाला धक्का न लावता पानाला धरायचं आणि खोड बरंचसं मातीत पुरायचं, ही आजींची रीत. आता रोपं रोज थोडा वेळ बाहेर न्यायची, आधी सावलीत, मग कोवळ्या उन्हात, असं आजोबांनी सुनेला बजावलं. आणि त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

सूनबाई मायाळू. वारा लागेल, ऊन सोसणार नाही, म्हणून तिने आम्हाला खिडकीच्या काचेआडून हलवलंच नाही. रोपं उंच झाली, पण फिकट आणि लेचीपेची. आजोबा घरी येणार त्या सकाळी, त्यांना आनंद व्हावा म्हणून, तिने सगळी रोपं अंगणातल्या वाफ्यात लावली. दुपारच्या उन्हात पानं पांढरी पडली. तिने पाण्यावर पाणी घातलं, पण एकही रोप पुन्हा उभं राहिलं नाही.

मुलाच्या खांद्याचा आधार घेत आजोबा वाफ्यापाशी आले. सूनबाईच्या डोळ्यांना धार लागली होती.

"जिवापाड जपली होती हो मी," ती म्हणाली.

"जपलीस गं. पण उन्हाची सवय कुणी लावलीच नाही त्यांना."

आजींचं बी संपलं. मी खिडकीखाली रिकामा गंजत पडलो आहे, आणि आत आजोबा बसलेले असतात. अंगणात जाऊ का, असं ते रोज विचारतात. पडाल, उद्या बघू, असं सूनबाई म्हणते आणि प्रेमाने शाल पांघरते. त्यांचे पाय दिवसेंदिवस बारीक होत चालले आहेत. मला ते बघवत नाही.

मित्रांनो, माझ्या गंजाचं काय एवढं? पण तुमच्या घरात कुणी असं खिडकीशी बसलेलं असेल, तर हात धरून त्यांना आज सावलीपर्यंत तरी घेऊन जा.