अडीच की साडेतीन

लॉर्नानं जुन्या टूथब्रशनं हरणाचा जबडा घासला, नळाखाली धरला आणि खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा पाहिला. दाढेवरची तपकिरी रेघ बारीकच होती. तिनं चष्मा पुसला. चष्मा पुसून हरणाचं वय वाढत असतं तर काय हवं होतं!

हरणाच्या दाढेवर मधोमध तपकिरी पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या कडा. दाढ झिजते तसा पट्टा रुंदावत जातो. तो कडेपेक्षा रुंद झाला, की हरीण साडेतीन वर्षांचं. नाही झाला, तर अडीच. आज सकाळी लॉर्नानं टिपलेल्या नराची मान जाड होती, पोट सुटलेलं होतं, आणि चालत तर असा होता की सगळी टेकडी जणू त्याच्या नावावर आहे. चार वर्षांचा म्हणून तिनं पैज लावली असती. दाढ म्हणत होती, अडीच.

दार ढकलून गॉर्डी आत आला. वरच्या टेकडीचा मालक, आणि संध्याकाळच्या मेळाव्याची बाकं आणायचं काम दर वर्षी त्याचंच.

"झाला का साफ? किती निघाला?"

"बघतेय."

"बघायचं काय त्यात? तुझी गोळी म्हणजे चारच्या खाली नसणारच. बाकं शेडमध्ये लावू?"

"लाव."

"आणि बटाट्यांत चीज जरा सढळ हातानं घाल बाई. मागच्या वर्षी शोधावं लागत होतं."

ती हसली नाही. जबडा तिनं फडक्यात गुंडाळला.

खोऱ्यातल्या पाच शेजाऱ्यांनी अकरा वर्षांपूर्वी मिळून हरणांसाठी जमिनी राखायचं ठरवलं, ते तिच्या नवऱ्याच्या, डेल्मारच्या नादानं. जंगलात क्लोव्हरच्या, हरणांना आवडणाऱ्या चाऱ्याच्या, पट्ट्या पेरल्या. बिनकामाची झाडं बुंध्याशी अर्धी कापून आडवी केली, म्हणजे झाड जगतं, जमिनीला ऊन मिळतं आणि खाली काटेरी झुडपं माजून हरणांना आडोसा होतो. आणि नियम एकच: नर तीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्यावर गोळी झाडायची नाही. शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारी ज्यानं त्यानं आपला जबडा लॉर्नाच्या शेडमध्ये आणायचा. ती वय सांगणार, जबडा फळ्यावर खिळ्याला टांगला जाणार. तीनच्या आतला निघाला तर नाव लाल खडूनं, आणि पुढचं वर्षभर बंदूक घरी. तिच्या शब्दावर कुणी शब्द काढत नसे, कारण गावातल्या दातांच्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं काढली होती.

शब्द काढला तो पाचांतल्या एकट्या व्हर्जिल सोबोटानं, गेल्या वर्षी, तिनं त्याचा नर अडीचचा ठरवला तेव्हा.

"साडेतीन आहे तो. नीट बघ."

"तीस वर्षं लोकांची तोंडं बघितलीत मी, व्हर्जिल. तू मला शिकवू नकोस."

सगळे हसले होते. व्हर्जिल भरलेलं ताट तसंच ठेवून निघून गेला. एप्रिलमध्ये त्यानं आपली गुरं ओढ्याकाठच्या वाळुंजांत सोडली. पाचही जमिनींच्या मधोमध ती दाट झाडी. दिवसा माद्या तिथंच पडून असत. गुरांनी दोन महिन्यांत तिचं मैदान केलं. हरणांची वाटच तुटली. या शरदात डेल्मारच्या क्लोव्हरला तोंड लावायला कुणी आलं नाही. आजचा नरही कुठून तरी भरकटून आलेला, एकटा. शेवटच्या दिवसांत खिडकीशी पडल्या पडल्या डेल्मार म्हणाला होता, "ओढा सांभाळ. ओढा गेला तर बाकीचं सगळं नुसतं लाकूड."

लॉर्ना शेडमध्ये गेली. गॉर्डी बाकं लावून निघून गेला होता. लाल खडूनं लिहिलेल्या व्हर्जिलच्या नावाखालचा जबडा तिनं खिळ्यावरून काढला आणि दाराशी, उजेडात आणला. आपल्या नराशी ताडून बघावं, एवढंच मनात होतं. कदाचित आपला त्याच्याहून मोठा निघून सुटेल.

पट्टा रुंद होता. चांगला रुंद.

शेडमधला दिवा पिवळा आहे, तिनं स्वतःला सांगितलं. पण त्याच दिव्याखाली तिनं बाकीचे सगळे जबडे बरोबर वाचले होते. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती तिला पुरती ठाऊक होती. गेल्या वर्षी त्याच शनिवारी सकाळी पेंडीच्या दुकानात व्हर्जिल चार माणसांत म्हणाला होता, "डेल्मारनं सोन्यासारखं जंगल आडवं केलं. आता सशालासुद्धा ठेच लागते." डेल्मारला जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि संध्याकाळपर्यंत झोंबतच राहिल्या. त्याच नाकावर चष्मा ठेवून तिनं दाढ वाचली होती.

गप्प बसलं तर? दोन्ही जबडे कोण शेजारी धरून बघणार आहे? आणि बोललं, तर फळ्यावरच्या सगळ्या जबड्यांकडे लोक वाकून बघायला लागतील. एक चुकली म्हटल्यावर बाकीच्या दाढांचं काय? अकरा वर्षांचा नियम तिच्या एका जिभेवर उभा होता. ती स्वयंपाकघरात आली, चार बटाटे सोलले, पाचवा अर्धा सोलून तसाच ठेवला. दोन्ही जबडे कोटाच्या खिशांत कोंबले आणि ट्रकची किल्ली घेतली.

व्हर्जिल अंगणात करवतीच्या साखळीला कानस मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

"वाट चुकलीस का?"

"नाही." तिनं जबडा त्याच्यासमोर लाकडावर ठेवला. "तुझा. साडेतीन आहे."

कानस थांबली.

"मी रागात होते. चूक माझी आहे, व्हर्जिल."

 तो उठून घरात गेला आणि एक पाकीट घेऊन आला. त्यावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं. त्याच नराचे समोरचे दोन दात त्यानं तेव्हाच काढून प्रयोगशाळेत पाठवले होते. तिथं दात चिरून आतली वलयं मोजतात. उत्तर जानेवारीत आलं होतं. पाकीट चिकटवलेलंच होतं.

"उघडलं नाहीस?"

"उघडून तू खरी निघाली असतीस तर? मग चिडायचं कुणावर?"

"आणि ती गुरं?"

"ती चिडूनच सोडली." त्यानं पाकीट पुढं केलं. "घे, उघड आता."

तिनं ते हातात घेतलं. आत अडीच असेल तर ती तेव्हा खरी होती, फळा खरा होता, संध्याकाळी कुणाला काही सांगायला नको. आपली बोटं आपसूक पाकिटाच्या कडेशी गेलीत हे तिला दिसलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिनं पाकीट परत दिलं.

"दाढ मी वाचलीय. संध्याकाळी सगळ्यांसमोर तेच सांगणार."

"आणि खिशात दुसरा कुणाचा आहे?"

"माझा. आज सकाळचा."

त्यानं तो उन्हात धरला. एवढं वाचायला त्यालाही येत होतं.

"हा तर गं..."

"अडीच."

व्हर्जिल आधी नाकातून हसला, मग कानस खाली ठेवून मोकळा हसला. "तीस वर्षं तोंडं बघितलीस ना?"

"हस. हसून घे."

"लाल खडू आहे ना घरी, की देऊ?"

परत येताना ओढ्यापाशी तिनं ट्रक थांबवला. व्हर्जिल कुत्र्याला घेऊन तारेचं फाटक ओढत होता. गुरं एकामागून एक चिखल तुडवत कुरणाकडे निघाली होती. एक तांबडी गाय मात्र उलटी फिरून रस्त्यावर आली. लॉर्ना खाली उतरली आणि हात पसरून तिच्यासमोर उभी राहिली. गाईनं तिला नीट पाहून घेतलं आणि नाइलाजानं वळली.

वाळुंजांचे नुसते खुंट उरले होते.

"तीन वर्षं लागतील परत वाढायला!" व्हर्जिल पलीकडून ओरडला. "माझ्या एकट्याच्यानं लावून होणार नाहीत!"

"मी येते की," ती ओरडली. "पुढच्या वर्षी बंदूक कुठं उचलायचीय मला?"