नत्तो खाऊन आलेले बुवा

गेन्शोबुवा देवळात गाऊन प्रवचन करायचे तेव्हा क्योतोतल्या आम्हा भक्तमंडळींचे रुमाल ओले व्हायचे, आणि डोळे पुसतो न पुसतो तोच हसून पोट दुखायचं. मेंदूच्या आजाराने गेल्या चार वर्षांत त्यांची जीभ जड झाली, तोल गेला. आजार घराण्यातलाच. मुलगी चिसातो चौतिशीची, पण तिने ना स्वतःची तपासणी करून घेतली, ना घरात त्याचं नाव काढू दिलं. पोरीने एकदा तरी त्या आजाराकडे नजर उचलून बघावं, एवढीच बुवांची इच्छा.

मी काम करते त्या प्रयोगशाळेत बुवांच्या रक्तापासून मूलपेशी केल्यात आणि मूलपेशींपासून मेंदूच्या पेशी. औषध आधी या पेशींवर करून बघायचं. पेशींचं रोजचं खाणंपिणं माझ्याकडे.

त्या दिवशी पेशी बघायला बुवांना बोलावलं होतं. चिसातोने चाकाची खुर्ची दारापर्यंत ढकलली. "मी इथेच बसते, ताई."

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "सकाळी नत्तो नाही ना खाल्ला?" आंबवलेल्या सोयाबीनमधले ते जंतू महाचिवट. एक आत शिरला तरी तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. पत्रातून तीनदा कळवलं होतं.

"खाल्ला की," बुवा म्हणाले. "दोन वाट्या."

"मग आत नाही सोडता येणार."

"अरेरे." चेहरा मात्र प्रसाद मिळाल्यासारखा. "चिसे, तू तरी बघून ये. कशा दिसतात तेवढं सांग."

"बाबा, तुम्हाला नत्तो आवडत नाही."

"म्हातारपणी चव बदलते."

"एकदम दोन वाट्या?"

"एकच खाल्ली असती तर ताईंनी हात धुवायला लावून सोडलं असतं."

"नसतं सोडलं," मी म्हटलं.

"म्हणजे दुसरी उगाच गिळली."

चिसातो त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने प्रयोगशाळेच्या अंगरख्यासाठी माझ्यापुढे हात केला.

आत ती सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही. "एकमेकींना धरून बसल्यात," ती पुटपुटली. दाराच्या काचेपलीकडे बुवा हातवारे करून विचारत होते, कशा आहेत?

"ताई, माझी तपासणी इथेच होते?"

"नाही, दवाखान्यात. आधी समजावून सांगतात, मग रक्त घेतात."

"पत्ता लिहून द्या. बाबांना मीच सांगेन." तिने काचेकडे पाठ केली. "पण घरी गेल्यावर. तोवर तिष्ठू देत जरा."